नाईट शिफ्टचा रविवार: चिपळुणातल्या नऊ घरांचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतलं आहे आणि त्यातली मुख्य चूक माझी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना 'ती बाई कोण' असा शोध घ्यायला नको. नावं कुणाचीच घेत नाही. चिपळूण लहान, त्यात आमची घरं मोजकी. एकाचं नाव घेतलं की बाकीची आठ आपोआप ओळखू येतात. ज्याची ही गोष्ट आहे त्याला मी फिटर म्हणणार आहे, कारण तो फिटरच आहे. त्यानं हे लिखाण वाचलंय, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलंय आणि "द्या टाकून" म्हणालाय.

नऊ घरं

माझं माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही. तिथं आम्ही चर्चच्या घंटेवर घड्याळ लावायचो. नाताळात कुणाच्या घरी करंज्या फसल्या हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक व्हायचं. 'सहभागिता' हा शब्द फक्त बायबलमध्ये भेटायचा; घरात त्याला वेगळं नाव द्यायची कधी वेळच आली नाही.

कोकणात तसं नाही. उत्तरेला वसई आहे, दक्षिणेला सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे कॅथॉलिकांची जुनी घरं आहेत. मधल्या पट्ट्यात आमच्यासारखे लोक बहुतेक नोकरीनं आणून टाकलेले. खरं तर इतिहास अगदी उशाशी आहे. स्कॉटिश मिशनरी 1823 साली बाणकोटला आले, मग हर्णैला काम सुरू झालं. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन 1829 मध्ये या देशात आले, तेव्हा मराठी शिकायला हर्णैलाच येऊन राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 चा, याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांची भजनं आम्ही दर रविवारी म्हणतो. पण इतिहास उशाशी असला म्हणून तो दुपारी चहाला येत नाही.

तर आमची नऊ घरं. आम्ही दोघं: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, हे टेलिफोन खात्यातून. लोटे एमआयडीसीत कामाला असलेला फिटर, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. लोटे एमआयडीसीतच दुसऱ्या एका कंपनीत लॅबमध्ये असलेला एक जण. खासगी दवाखान्यात नर्स असलेली सिस्टर. ती सावंतवाडीकडची कॅथॉलिक, मिस्सेला, म्हणजे कॅथॉलिकांच्या उपासनेला, जमेल तेव्हा जाते आणि एरवी आमच्यात बसते. आमच्यातल्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून खाण्याच्या विधीला, मात्र ती भाकर घेत नाही, हात जोडून बसून राहते. त्याबद्दल आम्ही तिला कधी विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही, आणि ते बरंच आहे. एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ. बँकेतले साहेब, बदलीवर आलेले. ज्युनियर कॉलेजचे एक सर. डबे देणाऱ्या मावशी. आणि एक तरुण जोडपं. त्यातली मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते, पण गिऱ्हाईक अमेरिकेचं, म्हणून तिचा दिवस आमच्या रात्री साडेआठला सुरू होतो.

रविवारी सकाळी दहाला भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब लांबून येतात, प्रभुभोजन देतात. बाकीच्या रविवारी हे शास्त्रभाग वाचतात आणि मी पेटीवर बसते. एक पंच कमिटी आहे. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कागदावर सगळं ठीक होतं.

लेंटचा पहिला रविवार

फिटर जून 2022 मध्ये लोट्याला लागला. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाईट अकरा ते सात. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळ्या वारी, म्हणजे प्लांट बंद पडत नाही. नाईट सुटली की कंपनीची बस परशुराम घाट उतरून पावणेआठच्या सुमारास बहादूरशेख नाक्यावर सोडते. पावसात दरड आली आणि घाट बंद झाला की बस चिरणी-आंबडस-कळंबस्ते असा वळसा घेते, मग नऊ कधी वाजतात कळत नाही.

हे सगळं मी आता लिहितेय. तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की दर तिसऱ्या रविवारी हा माणूस मागच्या बाकावर खिडकीपाशी बसतो, पहिल्या भजनाला उभा राहतो आणि संदेश सुरू झाला की त्याची मान पडते. एकदा तर घोरला. सरांच्या मुलांना हसू आवरेना.

2023 च्या फेब्रुवारीत लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला रविवार होता. उपासना संपली, मावशींनी चहा आणला. मी कप फिरवत फिटरपर्यंत आले आणि अगदी शाळेतल्या सवयीनं म्हणाले, "काय हो, प्रभूच्या घरात झोपायलाच येता की काय?"

सगळे हसले. तोही हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं मुलीच्या सँडलचा पट्टा लावला, सुटला नव्हता तरी पुन्हा लावला, आणि ती उठली. कप अर्धा तसाच खिडकीच्या कठड्यावर राहिला. तो मीच नंतर विसळला.

त्यानंतर ते आले नाहीत. पाम संडे गेला, ईस्टर गेला. माझ्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण ग्रुपवर मी रोज सकाळी वचन टाकायचे, खाली गुलाबाचं चित्र, आणि फिटरच्या नावापुढे दोन निळ्या रेघा यायच्या. म्हटलं, बघतोय ना, ठीक असतील.

त्या दोन निळ्या रेघांवर आम्ही सहा महिने काढले.

मांदेलीवाली

ऑगस्ट उजाडला, मासेमारीची बंदी उठली, आणि आमची नेहमीची मासेवाली पाटी घेऊन दारात आली. खाडीकडची मुसलमान बाई, वीस वर्षांची ओळख. मांदेली निवडता निवडता म्हणाली, "बाय, तुमच्यातली ना ती, पान्याच्या टाकीकडची? तीन दीस दवाखान्यात होती. पाच म्हयन्याचा प्वार गेला पोटातल्या पोटात. तुमी गेलाव नाय?"

मी विचारलं, कधी.

"झाले की पंधरा दीस. तो बाबा बाकड्यावर बसलेला, प्वारगी मांडीवर. मी पेज धाडली भाचीच्या हाती."

मांदेली मी घेतली. साफ मात्र करवली नाही. यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, आपल्या मंडळीची हकीकत आपल्याला मासेवालीकडून कळते.

या वाक्यापाशी मी अजूनही थांबते. तिला कसं कळलं? काही गूढ नाही. ती दाराशी जाते. उधार देते. एखाद्या दारी बाई दोनदा दिसली नाही तर शेजारणीला विचारते, कारण तिचे साठ रुपये यायचे असतात. तिच्या धंद्यातच माणसाची खबर ठेवणं आलं. आमच्या उपासनेत ते कुठेच नव्हतं. आम्ही एकमेकांना रविवारी दोन तास, इस्त्रीच्या कपड्यांत, एकाच दिशेला तोंड करून बसलेले पाहायचो.

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. फिटर सेकंडला होता. बायकोनं दार उघडलं, "या" म्हणाली नाही. आम्ही दारातच बोललो. चार मिनिटं झाली असतील. पुढच्या आठवड्यात तो घरी असेल अशी वेळ तिच्याकडूनच विचारून पुन्हा गेलो. त्यानं खुर्च्या दिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "कमिटीकडून आलात का?"

म्हटलं, नाही, माझ्याकडून आलेय. त्या दिवशी बोलले ते चुकलं.

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या हो बाई. तो तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, "बोललात त्याचं काय नाही. झोप लागायची याची मलाच लाज वाटायची. पण त्यानंतर इतक्या दिवसांत एकानं विचारलं नाही की बाबा, तुझी ड्यूटी काय असते."

आपल्यात दुखावलेल्या माणसाबद्दल बोलताना बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढतात: तुझ्या भावानं अपराध केला तर एकट्यानं जाऊन त्याला सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. तो नियम फिटरसाठी होता, असं माझं मन मला समजावत होतं. त्यानं यायला हवं होतं. पण त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात उलट बाजूचा नियम आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा आणि समेट कर. मी सहा महिने पेटी वाजवत होते.

घरी आल्यावर यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय उघडून माझ्यापुढे सरकवला, काही न बोलता. त्रोवस गावी आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला लोक जमलेत, रात्र आहे, माडीवर पुष्कळ दिवे लागलेत, प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसलाय, त्याला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौल खाली उतरतो, त्याला कवटाळतो. झोपल्याबद्दल त्याला कुणी बोलल्याचं त्या अध्यायात नाही. पुढे काय, तर पुन्हा वर जाऊन भाकर मोडतात आणि उजाडेपर्यंत बोलत बसतात. संडे स्कूलमध्ये मी ही गोष्ट किती वर्षं शिकवली, 'उपासनेत झोपू नये' म्हणून.

पुराबद्दल थोडं

इथं कुणीतरी म्हणेल, अहो, पण पुरात तुम्ही सगळे एक झाला होतात ना? आमच्यातही हे म्हणणारे आहेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, तेव्हा फिटर अजून इकडे आला नव्हता. आमच्यातली चार घरं पाण्यात होती. उरलेल्यांनी उंचावरच्या घरांत त्यांना घेतलं. नंतर पंधरा दिवस आम्ही फावड्यानं चिखल ओढला. मावशींच्या घरातली बायबलं मी माझ्या ओटीवर पान पान सुटं करून वाळवली. तो चिखल असा बसला होता की पानं वाळली तरी कडा करकरायच्या. कंडक्टर आणि बँकेचे साहेब एका पातेल्यात जेवले. खरंच, ते दिवस मोठे होते, आणि नाताळात प्रत्येकानं त्याचीच साक्ष दिली.

पण पुढच्या ईस्टरला बँकेच्या साहेबांना कंडक्टरच्या आईचं आजारपण ठाऊक नव्हतं. पुरानं आम्हाला एक केलं हे वाक्य मी आता म्हणत नाही. पुरात सगळ्यांची गरज सारखी होती आणि उघडी होती. चिखल दिसतो, कुणाला सांगावा लागत नाही. नंतर प्रत्येकाची गरज आपापल्या दाराआड गेली आणि आम्हाला फक्त चिखल काढता येत होता.

तक्ता

पुढची युक्ती सिस्टरची. ती म्हणाली, "बाई, आमच्या वॉर्डात ड्यूटीचा तक्ता असतो भिंतीवर. कोण कधी आहे हे कळल्याशिवाय पेशंट सांभाळता येत नाही. आपण करूया का?"

मला आधी ते फारच हॉस्पिटलासारखं वाटलं. तरी बसलो. सप्टेंबरातली एक दुपार, माझ्या डायनिंग टेबलावर चार कॅलेंडरं चिकटवून केलेला कागद आणि सिस्टरच्या मुलाचे स्केचपेन. फिटर लाल, लॅबवाला निळा, सिस्टर हिरवी, कंडक्टर जांभळा. कंडक्टरच्या मुक्कामाच्या गाड्या वेगळ्या दाखवाव्या लागल्या, कारण त्या रात्री तो कुठल्यातरी गावात एसटीतच झोपतो. अमेरिकेची ड्यूटी करणाऱ्या मुलीनं फोनवर आपले तास सांगितले आणि विचारलं, "पण बाई, हे कशाला? हजेरी घेणार का?"

चार आठवडे भरल्यावर आम्ही मोकळे चौकोन शोधले. नऊही घरं एकाच वेळी मोकळी आहेत असा एकही तास त्या कागदावर नव्हता. रविवारी दहा ते बारा तर नव्हताच. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं ज्या वेळेला 'सगळे या, सगळे का येत नाही' म्हणत होतो, त्या वेळेला सगळे येणं शक्यच नव्हतं. जे यायचे ते झोप मोडून, रजा टाकून, कुणाशी ड्यूटी बदलून यायचे, आणि जे नाही यायचे त्यांना आम्ही थंड झालेले समजायचो.

या ठिकाणी सरांनी एक गोष्ट काढली, ती इथं लिहिण्यासारखी आहे. रविवारची सुट्टी ही आपल्याला विश्वासाचाच भाग वाटते, पण मंडळीनं पहिली जवळजवळ तीनशे वर्षं सुट्टीशिवाय काढली. रोमी साम्राज्यात रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरला तो 321 मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमानं. त्याआधी, 112 च्या सुमारास, बिथुनिया या रोमी प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राटाला पत्रात कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला गीत गातात, पांगतात, आणि नंतर पुन्हा जेवायला एकत्र येतात. उजाडण्यापूर्वी का, तर त्यानंतर कामाला जायचं असेल. गुलाम होते त्यांच्यात, नोकरचाकर होते. आणि आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे, 10 जून 1890 पासून. त्यांनी तो मागितला खंडोबाचा वार म्हणून, असं सांगतात. फिटर हे ऐकून म्हणाला, "म्हणजे सर, माझ्या कंपनीला ना कॉन्स्टंटाइन माहीत, ना लोखंडे."

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली, ती आधी सिस्टरच्याच लक्षात आली. सगळे एकत्र कधीच मोकळे नव्हते, पण दोन किंवा तीन घरं एका वेळी मोकळी आहेत असे तास रोजच होते. लाल आणि हिरवा मंगळवारी सकाळी. निळा आणि आम्ही गुरुवारी दुपारी. रात्री साडेअकराला फिटर सेकंड संपवून येतो तेव्हा त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे ती अमेरिकावाली जागीच असते. तिचा नवरा झोपलेला, ती स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे एकटी.

'जेथे दोघे किंवा तिघे' हे वचन आम्ही आजवर हॉल रिकामा दिसला की मनाच्या समाधानाला म्हणायचो. ते मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात आहे, भावाकडे एकट्यानं किंवा एकदोघांना घेऊन जा, या उपदेशाच्या लगेच पुढे. कमी हजेरीचा तिथं विषयच नाही.

मग काय केलं

फार काही नाही. ठराव केला नाही, नाव दिलं नाही. तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि गुलाब बंद केले. एकमेकांना फोन करताना पहिला प्रश्न 'उपासनेला का आला नाहीत' ऐवजी 'ड्यूटी काय आहे' असा करायचा, एवढं ठरलं. आणि जाताना काहीतरी काम घेऊन जायचं किंवा काम मागायचं. हे दुसरं मला जास्त जड गेलं. मदत करायला मला चांगलं जमतं. मागायला जमत नाही. आमच्या पंपाचा वॉशर गेला तेव्हा मी प्लंबर शोधत होते. हे म्हणाले, घरात फिटर असताना? त्याला बोलावलं. तो आला, वीस मिनिटांत काम केलं, हात धुतले आणि पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मुलीबद्दल बोलला, जे बाळ आलं नाही त्याच्याबद्दल बोलला. त्यांनी त्याचं नाव ठरवलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. मग आम्ही प्रार्थना केली. डोळे मिटून मोठ्यानं नव्हे, आपण एरवी बोलतो तशी, मध्ये मध्ये थांबत.

मला वाटतं आमची सहभागिता त्या वॉशरपासून सुरू झाली. मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया. त्यात भागीदारीचा अर्थ आहे. येशूचा शिष्य शिमोन याच्या मासेमारीतल्या भागीदारांना शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं त्याच मुळातला शब्द वापरलाय. कोकणात राहून मला हे आधी कळायला हवं होतं.

मावशींनी आपलं आपणच एक सुरू केलं. नाईटवाल्यांच्या घरी सकाळी आठला डबा, कारण रात्रभर जागून आलेल्या माणसाला त्या वेळी भूक लागते ती नाष्ट्याची नव्हे, जेवणाची. हे त्यांनाच सुचू शकतं. पैसे घेतात, फुकट देत नाहीत. फुकट दिलं तर चार दिवसांनी नको म्हणतील, असं त्यांचं म्हणणं.

रात्री साडेअकराचा चहा हा फिटरच्या बायकोचा आणि अमेरिकावालीचा. फिटर येऊन झोपतो, या दोघी बोलत बसतात, मध्येच तिला कॉल आला की ही स्तोत्र वाचत थांबते. त्यांच्यात मला शिरकाव नाही, आणि तो नसावाच.

जे बिघडलं

पाळकसाहेबांना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता: दोन-तीन घरं जमायला लागली की मंडळीचे तुकडे होतात, प्रत्येकाची आवडती घरं ठरतात, एखादं घर कुणाच्याच वाट्याला येत नाही. तसं झालंच. बँकेच्या साहेबांचं घर तक्त्यात सगळ्यात मोकळं होतं, आणि त्यांच्याकडेच कुणी जात नव्हतं. साहेब म्हणून लोक बिचकायचे, आणि त्यांच्या मिसेसना आगाऊ न सांगता आलेलं चालायचं नाही. वर्षभरात ते मोठ्या शहरातल्या एका मोठ्या मंडळीत जाऊ लागले, रविवारी गाडी काढून. तिथं ड्रमसेट आहे, मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यांना मी दोष देत नाही. आम्ही त्यांच्याकडे काही मागितलंच नाही.

पैशाचंही एक प्रकरण झालं. एकानं दुसऱ्याकडून आठ हजार घेतले, दोन महिन्यांत देतो म्हणून, आणि मग तो टाळायला लागला. दोघांनी तक्त्यातले एकमेकांचे तास टाळायला सुरुवात केली तेव्हा ते सिस्टरच्या लक्षात आलं. शेवटी मावशींनी दोघांना समोरासमोर बसवलं. अजून अडीच हजार राहिलेत. दोघं बोलतात, पण वाटून घेतल्यासारखं नाही.

आणि रविवारची हजेरी कमी झाली, हेही खरं. पूर्वी वीस-बावीस माणसं असायची, आता कधी बारा. आकड्याकडे पाहणाऱ्याला आमची मंडळी खाली चाललीय असंच वाटेल.

प्रभुभोजनाचं मात्र पाळकसाहेबांनीच सोडवलं. करिंथच्या मंडळीला पौलानं याच बाबतीत खडसावलंय. सवड असलेले आधी येऊन जेवून घ्यायचे आणि कष्टकरी उशिरा यायचे ते उपाशी राहायचे. त्यावर पौल सांगतो, एकमेकांसाठी थांबा. पाळकसाहेब म्हणाले, मी गेली तीस वर्षं यावर संदेश देतोय, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी दार लोटून घेतोय. आता ते दर दोन महिन्यांनी शनिवारी मुक्कामाला येतात, रात्री एकदा आणि रविवारी एकदा भाकर देतात. लोट्याची सेकंड सुटून बस येईपर्यंत रात्री कुणी सुरुवात करत नाही. गेल्या वेळी पौर्णिमा होती, घाटात ट्रक उलटला होता, आणि आम्ही पाऊणपर्यंत टेबलाभोवती बसून होतो. भाकर फडक्याखाली झाकलेली. सिस्टर नेहमीसारखी हात जोडून.

अलीकडची एक सकाळ

आमच्याकडे एक जुना विनोद झालाय. कोकणात ओटी म्हणजे घराची, आणि फिटरकडे ओटी म्हणजे ओव्हरटाईम. तो म्हणतो, बाई, मी ओटी करून ओटीवर येतो.

परवा मंगळवारी नाईटला जोडून चार तास ओटी करून तो साडेअकराला आमच्याकडे आला. सिस्टर आली होती, मावशी होत्या, लॅबवाला सुट्टीवर होता. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, म्हणून प्रार्थनेला बसलो होतो. फिटरनं डबा खाल्ला, भिंतीला टेकला, आणि स्तोत्राच्या दुसऱ्या ओळीला त्याची मान पडली. थोड्या वेळानं तो तिथंच चटईवर आडवा झाला.

ह्यांनी वाचणं थांबवलं नाही, फक्त आवाज खाली आणला. मावशींनी त्याच्या हाताजवळचा चहाचा कप उचलून कठड्यावर ठेवला. लॅबवाल्यानं आईसाठी प्रार्थना केली ती जवळजवळ कुजबुजतच. मध्येच फिटर घोरायला लागला. सिस्टरनं डोळे न उघडता हात लांब करून पंखा एकनं वाढवला.